व्हाया हुमनाबाद

१३ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान बंगालच्या उपसागरातले एक डीप डिप्रेशन आंध्रच्या किनाऱ्यावर, काकिनाड्याजवळ, जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ५५ ते ६५ किलोमीटर. त्या किनाऱ्याने याहून कितीतरी वाईट पाहिलेले आहे. काकिनाड्याच्या शेजारचे कोरिंगा बंदर १८३९च्या वादळात बुडाले ते पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाही. १९ नोव्हेंबर १९७७ला दिवीसीमेत समुद्र आत घुसला तेव्हा दहा हजारांवर माणसे गेली. अशा मुलखात साठ किलोमीटरच्या वाऱ्याला कोण भीक घालणार? किनाऱ्यापुरते प्रकरण दुपारपर्यंत मिटले.

खरे प्रकरण त्यानंतर सुरू झाले. त्याच रात्री हैदराबादेत बेगमपेठला चोवीस तासांत १९० मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला, शहराच्या पूर्वेला घटकेसरच्या बाजूला तीनशेच्या वर. हिमायतसागरचे दरवाजे कित्येक वर्षांनी उघडावे लागले. पुढच्या चार-पाच दिवसांत जुन्या शहराच्या दक्षिणेचे गुर्रम चेरुवू आणि पल्ले चेरुवू हे तलाव फुटले आणि वस्त्यांत पाणी शिरले. तेलंगणात पन्नासहून अधिक माणसे गेली. १४ तारखेला पाळी आली बिदर, कलबुर्गी, धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आणि सोलापूरची. त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण ठार झाले. १६ तारखेच्या सुमारास ही प्रणाली सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात उतरली आणि १७ला तिथे पुन्हा डिप्रेशन झाली. एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्रात, मध्ये अख्खे दख्खन.

हे पुस्तक त्या मधल्या भागाचे आहे. वादळांवरची पुस्तके बहुधा किनाऱ्यावरून लिहिली जातात, कारण तिथे लाटा असतात, उखडलेली नारळाची झाडे असतात, मोडलेल्या होड्या असतात. आमच्याकडे यातले काहीच नाही. आमच्याकडे काळी माती, तूर, सोयाबीन आणि पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता. तरीही वादळ आमच्याकडे येते, आणि त्याचा हिशेब कुठेच एका जागी लिहिला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

पहिली अडचण नावाची. हवामान खाते वादळाला नाव देते ते वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरची पायरी ओलांडून चक्रीवादळ झाल्यावर. ३१ ते ४९ हे डिप्रेशन, ५० ते ६१ हे डीप डिप्रेशन. आपले वादळ त्या उंबरठ्याला पाय लावून उभे राहिले आणि बिननावाचेच जमिनीवर आले. त्याच वर्षी मे महिन्यात बंगालला अम्फान झाले, ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग आले. श्रीवर्धन-मुरुडच्या माणसाला आज 'निसर्ग' म्हटले की घराच्या उडालेल्या पत्र्यांपासून बागेतल्या सुपारीपर्यंत सगळे आठवते. हुमनाबादच्या माणसाला विचारा. तो म्हणेल, 'ते कोरोनाच्या साली पाऊस झाला होता ते?' वाऱ्याच्या मापाने वादळाची इयत्ता ठरवणे जहाजांच्या कप्तानांसाठी योग्यच होते. समुद्रापासून पाचशे किलोमीटर आत राहणाऱ्याला वारा मारत नाही, पाणी मारते, आणि पाण्याची इयत्ता या पट्टीवर कुठेच नाही.

आता जागेविषयी. नकाशात काकिनाडा ते हुमनाबाद सरळ रेष ओढली तर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. हुमनाबाद ते रत्नागिरी चारशेच्या. म्हणजे दोन समुद्रांच्या जवळजवळ मध्यावर, थोडे पश्चिमेकडे झुकलेले हे गाव. उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या घरात. मराठी वाचकाला हुमनाबाद माहीत असते ते माणिक प्रभूंमुळे. १८१७ साली लाडवंतीला जन्मलेले आणि १८६५ साली इथेच समाधिस्थ झालेले प्रभू, त्यांचे सकलमत, आणि गुरुगंगा-विरजेच्या संगमावरचे माणिकनगर. नाहीतर माहीत असते ते हैदराबादच्या बसमधून उतरून चहा प्यायलेले गाव म्हणून. इथल्या बाजारात कन्नड, मराठी, दख्खनी आणि थोडी तेलुगू एकाच सौद्यात ऐकू येते.

या मिश्रणाला इतिहास आहे, आणि वादळाच्या गोष्टीत तो लागणार आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सगळा मुलूख निजामी राज्याचा, नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. २०२०चे वादळ झहीराबादच्या बाजूने आले, हुमनाबाद-कलबुर्गीच्या पट्ट्यातून उमरगा, नळदुर्गाच्या दिशेने गेले. त्याने जुन्या राज्याचा नकाशा धरून प्रवास केला आणि आम्ही नव्या नकाशाने नुकसान मोजले. तेलंगणाचा अहवाल हैदराबाद शहराचा झाला, कर्नाटकाचा भीमेच्या पुराचा, महाराष्ट्राचा अतिवृष्टीचा. तीन सरकारांनी तीन वेगळ्या आपत्ती नोंदवल्या. आपत्ती एकच होती.

वादळाचे केंद्र बरोबर हुमनाबादच्या बसस्टँडवरून गेले असा माझा दावा नाही. एवढ्या मोठ्या प्रणालीत केंद्राच्या रेषेला तसा फार अर्थ नसतो. पावसाचा पसारा दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे किलोमीटर असतो. शीर्षकातले 'व्हाया' आमच्याकडे एसटीच्या पाटीवरून आले आहे, आणि एसटीही कधी गावात जाते, कधी फाट्यावरून.

जमिनीवर आलेले वादळ मरायला हवे, असे शाळेत शिकवतात. समुद्राचे गरम पाणी हे त्याचे जळण. जळण संपले की विझते. मग हे दोन-तीन दिवस तगले कसे? इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळ्या विषयाची किल्ली यात आहे. वादळ पाण्याच्या वाफेवर जगते. समुद्र तुटला तरी वाफ दुसरीकडून मिळाली तर त्याची धुगधुगी टिकते. ऑक्टोबरच्या मध्यावर मान्सून अजून देशातून गेलेला नव्हता. त्या वर्षी तो २८ ऑक्टोबरला पुरता परतला. प्रणाली पश्चिमेकडे सरकत गेली तसतसे मागून बंगालच्या उपसागराचे बाष्प कमी झाले, पण समोरून अरबी समुद्राचे मिळू लागले. खाली जमीन होती ती सप्टेंबरच्या पावसाने आधीच तुडुंब भिजलेली. काळी माती पाणी धरून ठेवण्यात किती चिवट असते हे ऑक्टोबरात तिच्यातून बैलगाडी काढलेल्या माणसाला सांगायला नको. अशी भिजलेली, उबदार जमीन स्वतःच वाफ सोडत राहते. २००७ साली एरिन नावाचे एक क्षीण वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावरून आत गेले आणि शेकडो किलोमीटर दूर ओक्लाहोमाच्या मैदानावर पुन्हा बळावले. उपग्रहाच्या चित्रात त्याला डोळासुद्धा दिसला. पुढे तिकडचे संशोधक अशा ओल्या जमिनीला 'ब्राउन ओशन' म्हणतात. आमच्या प्रणालीला डोळा फुटला नाही. ती फक्त विझायला उशीर लावत राहिली, आणि हळू चालणारा पाऊस पळत्या पावसापेक्षा केव्हाही वाईट.

त्यात तिथे चढ आहे. किनाऱ्यापासून हुमनाबादपर्यंत हवा दोन हजार फूट वर येते. चढताना ती थंड होते आणि पाणी टाकते. सह्याद्रीत हे आपण दर जूनला पाहतो. पूर्वेकडून येणाऱ्या हवेसाठी दख्खनचे पठार हाच एक लांबट, आळशी घाट आहे.

इतिहासात मागे गेले तर हाच पाऊस पुन्हा पुन्हा भेटतो. त्यातला सर्वांत मोठा २८ सप्टेंबर १९०८चा, मुसी नदीचा पूर. बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने हैदराबाद शहर धुऊन नेले. पंधरा हजार माणसे दगावली असे सांगतात. उर्दू शायर अमजद हैदराबादींचे कुटुंब त्या पुरात डोळ्यांदेखत वाहून गेले. निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी नदीचे वरचे खोरे तपासले तेव्हा सापडले की तिथल्या ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते. पुराचे कारण नुसता पाऊस नव्हता. वरचा तलाव फुटून खालच्यावर आदळला, तो फुटून त्याच्या खालच्यावर. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, १९२०च्या दशकात. २०२०ला पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू फुटल्याची बातमी वाचताना ज्याला १९०८ माहीत आहे त्याला नवल वाटले नसेल. हैदराबादचा पूर हा हैदराबादचा इतिहास म्हणून शिकवला जातो. मुसी उगम पावते ती विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत, आणि त्याच डोंगराळ पट्ट्याचे पाणी कागिना होऊन तांदूर, चिंचोळी, सेडममार्गे भीमेला मिळते. ढग एकच; उताराने कोणते पाणी कुणाच्या वाट्याला जायचे ते ठरवले.

२००९च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातला उत्तर कर्नाटकाचा आणि कर्नूलचा पूरही बंगालच्या उपसागरातल्या अशाच कमी दाबाच्या पट्ट्याने आला. मंत्रालय बुडाले, कर्नाटकात दोनशेवर माणसे गेली. त्यालाही नाव नव्हते.

हुमनाबाद तालुका पाणलोटाच्या माथ्यावर आहे. उत्तरेकडे पडलेले पाणी कारंजातून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला जाते. दक्षिणेकडचे मुल्लामारी, गंडोरी नाला, बेनीतुरा यांच्या वाटेने कागिनेत, भीमेत, शेवटी कृष्णेत. एकाच शेताच्या दोन बांधांवरचा पाऊस दोन वेगळ्या नद्यांचा होतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही. आणि या दोन्ही नद्या जाऊन मिळतात त्या त्याच समुद्राला, गोदावरी तर काकिनाड्याच्या अंगणातच. माथ्यावरच्या गावाला पूर येत नाही, असा एक समज आमच्याकडे पक्का आहे. नदीचा पूर येत नाही हे खरे. नाल्याचा येतो, ओढ्याचा येतो, आणि तो इतका पटकन येतो की त्याची बातमी होईपर्यंत तो गेलेला असतो.

कलबुर्गी जिल्ह्याने त्या आठवड्यात दोन पूर पाहिले, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिला १४ आणि १५ ऑक्टोबरचा: डोक्यावर पाऊस, आणि कागिना, बेनीतुरा, मुल्लामारी फुगलेल्या. मळखेडला, जिथे कधी राष्ट्रकूटांची राजधानी होती, कागिनेचा पूल पाण्याखाली गेला आणि उत्तरादी मठात पाणी शिरले. दुसरा पूर त्यानंतर, ऊन पडल्यावर. वादळ पश्चिमेला जाऊन सोलापूर, इंदापूर, बारामतीवर कोसळले होते. भीमेवरचे उजनी धरण आधीच भरलेले. धरणातून दोन लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडावे लागले. सीना, बोरीने आपापली भर घातली. वादळ पुढे निघून गेले आणि त्याचे पाणी उलट्या पावली परत आले. अफझलपूरचा सोन्न बंधारा, गाणगापूर, जेवर्गीची कट्टी संगावी, सन्नती या वाटेने भीमा खाली उतरत असताना आभाळ निवळले होते. लोकांनी भिजलेले कपडे वाळत घातले होते, आणि नदी चढत होती. पाऊस थांबला की धोका संपला, हा हजारो वर्षांचा शेतकरी अनुभव त्या दिवशी खोटा ठरला. वरच्या धरणाचा दरवाजा कधी उघडला ते दुसऱ्या राज्यातल्या कंट्रोल रूमला माहीत असते. खालच्या गावातल्या पाटलाला ते कळण्याची वाट मधल्या दोन-तीन कचेऱ्यांतून जाते.

माणसे गेली त्यांचे आकडे सापडतात. पिके गेली त्यांचे आकडेही सापडतात, पण त्यांच्यावर विसंबून या नुकसानीचे स्वरूप कळत नाही. त्यासाठी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या शिवारात काय असते ते माहीत हवे. मूग-उडीद निघून गेलेले असतात. सोयाबीन कापून शेतातच बनीम रचून ठेवलेली असते, वर ताडपत्री, आणि मळणीच्या मशीनचा नंबर लागायची वाट. बिदर हा कर्नाटकातला सोयाबीनचा मोठा जिल्हा. लातूर-धाराशिवची गोष्ट तर सांगायलाच नको. तूर उभी असते, फुलोऱ्याच्या तोंडावर. काही शेतांत रब्बी ज्वारी नुकती पेरलेली, काहींत वापसा येण्याची वाट. म्हणजे वर्षाचे सगळे उत्पन्न एकाच वेळी उघड्यावर असते: एक पीक कापलेले, एक उभे, एक मातीत. पंधरा दिवस अलीकडे किंवा वीस दिवस पलीकडे हाच पाऊस पडला असता तर यातले एखादे तरी वाचले असते. पंचांगाच्या भाषेत हे चित्रा नक्षत्र. हस्ताच्या पावसाला आमच्याकडे मान आहे, रब्बीची ओल तोच देतो. चित्राचा पाऊस मात्र कुणी मागत नाही.

बनीम भिजली तर दाणा काळा पडतो. दोन दिवस भिजलेलीच राहिली तर शेंगेतच मोड येतात. ताडपत्री वरून वाचवते, खालून आलेल्या पाण्यापुढे तिचे काही चालत नाही, आणि ओढ्याकाठच्या शेतातून कित्येक बनीम ताडपत्रीसकट वाहून गेल्या. तुरीच्या मुळाशी पाणी साचले की ती आठवड्याभराने, पाऊस विसरल्यावर, उभ्या उभ्या वाळते. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१९ साली. पुढच्याच हंगामात तिच्या मुळांशी पाणी. पण सर्वांत वाईट नुकसान ज्याला सरकारी भाषेत 'खरडून गेलेली जमीन' म्हणतात ते. पीक एका हंगामाचे जाते. माती गेली तर खाली मुरूम उघडा पडतो आणि गाळ टाकून शेत पुन्हा घडवावे लागते, ज्याला ते परवडेल त्याने.

त्या दिवसांत भर होती कोरोनाची. महाराष्ट्रातली देवळे बंद होती, ती १६ नोव्हेंबरला उघडली. दरवर्षी बिदर-कलबुर्गीकडून हजारो लोक कोजागिरीला तुळजापूरला पायी जातात. उमरगा-नळदुर्गाच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी चहा-फराळाचे मंडप लागतात. त्या वर्षी अधिक अश्विन आला होता, त्यामुळे घटस्थापना १७ ऑक्टोबरला, पाऊस ओसरता ओसरता. यात्रा नव्हतीच. एरवी पायी जाणारे हे लोक सीमेपलीकडच्या शेतांची हालत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येतात आणि गावात सांगतात. २०२०ला ही वाट बंद असल्याने प्रत्येकाला वाटत राहिले की पाऊस आपल्याच तालुक्यावर पडला.

नळदुर्गाचे नाव आलेच आहे तर एक आडवळण. तिथल्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली पुरा झालेला बोरी नदीवरचा बंधारा आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली की पाणी बंधाऱ्याच्या माथ्यावरून नर-मादी धबधब्यांनी कोसळते आणि आतल्या महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने पुराला अडवायचा प्रयत्न केला नाही. त्याला जायला वाट दिली. आमच्या हमरस्त्यावरच्या मोऱ्या बांधताना कुणीतरी एकदा नळदुर्गाला जाऊन यायला हरकत नव्हती.

१९ ऑक्टोबरला महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अक्कलकोट तालुक्यातल्या सांगवी, बोरी उमरग्याला आले. शरद पवारांनी तुळजापूर-उमरग्याच्या बाजूची शेते पाहिली. २१ला कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी कलबुर्गीच्या पुराची हवाई पाहणी केली. २३ला महाराष्ट्राने १० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले: कोरडवाहू आणि बागायतीला हेक्टरी १० हजार, फळबागांना २५ हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राष्ट्रीय आपत्ती निधीच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० मिळत असत. सीमेवरच्या कित्येक घरांची जमीन दोन्हीकडे आहे, इकडे पहाणी, तिकडे सातबारा. एकाच पावसात भिजलेल्या एकाच घराच्या दोन शेतांसाठी दोन पद्धतीचे पंचनामे झाले, दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या निकषांनी. इकडे महसूल आणि कृषी खात्याची 'जंटी समीक्षा', म्हणजे संयुक्त पाहणी, तिकडे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक.

यापुढची गोष्ट हवामानाची राहत नाही, पण मी तिला वादळाच्या मार्गाचाच भाग मानतो. पीकविम्यात अट होती की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचे. वीज गेलेली, मोबाइलची चार्जिंग संपलेली, शेताकडे जाणारा ओढा दुथडी भरलेला. शेतकऱ्याने तीन दिवसांत शेत पाहायचे, फोटो काढायचे आणि ॲपवर चढवायचे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांचे दावे या अटीवर अडकले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. २०२२च्या मे महिन्यात निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. विमा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथेही तो कायम राहिला. काकिनाड्याला सकाळी सातला सुरू झालेले वादळ दिल्लीत दोन वर्षांनी थांबले. हवामान खात्याच्या नकाशावर हा टप्पा नाही, म्हणून तो या पुस्तकाच्या नकाशावर घेतला आहे.

अटलांटिकच्या किनाऱ्यावरून वादळांचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे, तेव्हा तिकडे एकदा पाहणे भाग आहे. १९६९चे कॅमिल हे मिसिसिपीच्या किनाऱ्यावर भयंकर वेगाने आदळले ते सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवसांनी त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या नेल्सन परगण्यात एका रात्रीत २७ इंच पाऊस टाकला आणि शंभरावर माणसे चिखलात गाडली गेली, हे पुष्कळांना माहीत नाही. १९७२चे ॲग्नेस फ्लोरिडात शिरले तेव्हा सर्वांत खालच्या इयत्तेचे होते. त्याने खरा कहर केला तो पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीच्या पुराने, आणि तोवरच्या अमेरिकेच्या इतिहासातले ते सर्वांत महागडे वादळ ठरले. आणि २६ सप्टेंबर २०२४च्या रात्री फ्लोरिडात उतरलेले हेलेन: दुसऱ्याच दिवशी त्याने उत्तर कॅरोलिनातले ॲशव्हिल हे डोंगरातले गाव बुडवले. ॲशव्हिल समुद्रापासून चारशे किलोमीटरच्या आसपास आत आहे आणि त्याची उंची दोन हजार फुटांच्या थोडी वर, म्हणजे हुमनाबादइतकीच. वादळांपासून सुरक्षित गाव म्हणून तिथे लोक राहायला जात होते.

यांत आणि आपल्यात मोठा फरक असा, की कॅमिल, ॲग्नेस, हेलेन यांच्या मागे नाव होते. किनाऱ्यावर मिळालेले नाव डोंगरात पोचेपर्यंत त्यांना चिकटून राहिले आणि सगळ्या राज्यांचे नुकसान एकाच खात्यावर मांडले गेले. आपल्याकडे हे एकदाच, तेही अर्धवट घडले. २६ सप्टेंबर २०२१च्या संध्याकाळी गुलाब हे चक्रीवादळ कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. त्याचे अवशेष तेलंगणातून मराठवाड्यावर गेले. २८ला मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, बीड-लातूर-उस्मानाबादमध्ये अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले, आणि मांजरेकाठच्या भालकीत पुन्हा तेच. मग ते अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात गेले, शाहीन झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकले. नाव असल्यामुळे या प्रवासाची गोष्ट निदान एका वाक्यात सांगता येते. मधल्या मराठवाड्याच्या वाट्याला मात्र त्या वाक्यातही फार तर एक स्वल्पविराम येतो.

उपाय सुचवण्याचा या पुस्तकाचा मुख्य हेतू नाही, पण एक गोष्ट सांगून टाकतो. मोजमापाची कमतरता हे कारण आता पुढे करता येणार नाही. कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली आहेत. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय पाऊस मोजला जातो आणि दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी ठरते. तेलंगणाची स्वतःची यंत्रणा आहे. तिन्ही यंत्रणा चांगल्या आहेत. झहीराबादला १३च्या संध्याकाळी काय मोजले गेले ते हुमनाबादच्या तहसीलदाराला त्याच संध्याकाळी दिसले असते तर रात्रीत काय येणार याचा अंदाज बांधायला वेधशाळेची गरज नव्हती; पाऊस त्याच रस्त्याने, तास-दोन तासांच्या अंतराने येत होता. हे जोडण्यासाठी लागतो तो एक आदेश, आणि तो काढायला तीन मुख्य सचिव.

प्रकरणांचा क्रम मी वर्षांचा किंवा राज्यांचा न ठेवता रस्त्याचा ठेवला आहे, राष्ट्रीय महामार्ग ६५चा, पूर्वेकडून पश्चिमेकडे: संगारेड्डी, झहीराबाद, मन्नाएखेळी, हुमनाबाद, राजेश्वर, बसवकल्याणचा फाटा, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर. भीमेचे प्रकरण मात्र उलटे, पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि ते मुद्दाम शेवटून दुसरे आहे. ज्याला घाई असेल त्याने तेच आधी वाचले तरी चालेल. शेवटचे प्रकरण न्यायालयाचे. १९०८चा मजकूर परिशिष्टात टाकावा असे संपादकांचे मत होते. मी तो संगारेड्डीच्या आधी, पहिल्याच जागी ठेवला आहे.